भाऊबीजेचा कॅमेरा

चिक्कडपल्ली, हैदराबाद
भाऊबीज, १९९५

ती. दादा,

साष्टांग नमस्कार. दोन वर्षांत तुला पत्र नाही, त्यामुळे मायना लिहितानाच हात अडखळला. पण ओवाळणी घेऊन गप्प बसणं मला जमत नाही, म्हणून लिहिते.

तुझ्या कंपनीतले हेमंत काल खोकं देऊन गेले. तू सिंगापूरहून आणलंस म्हणाले. चहासुद्धा उभ्याउभ्याच प्यायले. आज सकाळी मी पाट मांडला, त्यावर खोकं ठेवलं आणि त्यालाच ओवाळलं. भाऊ पुण्यात आणि बहीण पुठ्ठ्याला कुंकू लावतेय, हे बघून आमचे हे हसून बेजार झाले. झाले तर झाले, निदान हसले तरी. कंपनीने मार्चमध्ये ह्यांना स्वेच्छानिवृत्तीच्या नावाखाली घरी बसवल्यापासून हसणं जरा कमीच झालं आहे.

कॅमेरा देखणा आहे, त्यात वाद नाही. याला ब्रिज कॅमेरा म्हणतात, असं हेमंतांनी सांगितलं. साधा डबीसारखा कॅमेरा आणि मोठा एसएलआर या दोघांच्या मधला. लेन्स अंगालाच जोडलेली, बदलायची भानगड नाही. बटन दाबलं की लांबचं जवळ येतं. फोकस, उजेड, फ्लॅश सगळं तोच ठरवतो. आत तुझी चिठ्ठी होती: 'जयू, याच्यात रोल आपोआप चढतो. झाकण लावलं की झालं.' दोन वर्षांनी दोन ओळी लिहिल्यास आणि त्यातही टोचलंसच.

तुझ्या श्रुतीच्या हळदीला मी उसन्या एसएलआरवर दोन तास फोटो काढले आणि रोल कोरा निघाला. तीन आठवड्यांनी आई गेली. तिचे शेवटचे फोटो त्या रोलवर असायला हवे होते. तेराव्याला तू भरल्या पंगतीत म्हणालास, 'हिच्या हातात कॅमेरा देणाऱ्याला जोड्यानं मारलं पाहिजे.' कॅमेरा जुना होता, आतले दाते झिजलेले होते, हे मी तेव्हाही सांगितलं होतं. असो. सणाच्या दिवशी ते उगाळायला नको.

त्यानंतर मी कॅमेऱ्याला हात लावला नसेल, असं तुला वाटत असेल. लावला. गेलं वर्षभर दर रविवारी मी गौलीगुड्याला भगवंतरावांकडे शिकायला जाते. ते चाळीस वर्षं एका वर्तमानपत्राचे फोटोग्राफर होते, आता कॅमेरे दुरुस्त करतात. त्यांच्याच कॅमेऱ्यावर ऑगस्टमध्ये मी कुलसूम आपांच्या नातीचा स्थळांना दाखवायचा फोटो काढला. आपांचे आणि त्यांच्या सुनांचे ब्लाउज, कुर्ते मी शिवते, ती ओळख. फोटो पसंत पडला, मुलगीही पसंत पडली. १७ डिसेंबरला लग्न आहे आणि जनान्यातले फोटो मी काढावेत, असं आपांचं म्हणणं आहे.

बायकांच्या बाजूला पुरुष फोटोग्राफर चालत नाही ना. आपा म्हणाल्या, "पिछली शादी में मर्द फोटूवाला आया बोलको सब औरतां मुँह ढांपको बैठे. अल्बम खोलो तो खाली दुपट्टेच दुपट्टे. इस बार तुमीच आना, जयवंताबाई."

मी हो म्हटलं आहे. कॅमेरा मात्र अजून ठरलेला नाही. भगवंतरावांकडे एक जुना एसएलआर विकाऊ आहे. तुझा ठेवायचा, का तो घ्यायचा, बघते. ओवाळणी परत करत नाहीत, एवढं मला कळतं.

तुझी बहीण (पदावर अजून आहे),
जयवंता


१२ नोव्हेंबर १९९५

ती. दादा,

तुझं उत्तर आलं नाही. यायला पाहिजे असं नाही. मला सांगायचं आहे म्हणून मी सांगते.

तुझ्या कॅमेऱ्यावर पहिला रोल काढला. छत्तीसपैकी चौतीस फोटो स्वच्छ आले! नारायणगुड्याला नवी कलर लॅब निघाली आहे, तासाभरात फोटो हातात देतात. तिथेच फुटपाथवर उभे राहून ह्यांनी सगळे बघितले आणि निकाल दिला, "संपलं. हाच न्यायचा. शहाण्या माणसानं यावर पुन्हा विचार करू नये." फोटो चांगलेच होते. फक्त ते मी काढले असं काही वाटेना. बटनावर तुझ्या हेमंतांनी बोट ठेवलं असतं तरी हेच आले असते.

दुसऱ्या दिवशी भगवंतरावांकडून एसएलआर मागून आणला. वजनाला दगड. लेन्सवरचं कडं फिरवून फोकस आपणच करायचा. डोळा लावला की आत एक काटा दिसतो, तो मधोमध आणून उजेड ठरवायचा. एवढं सगळं होईपर्यंत समोरचं पोर उठून पाणी पिऊन येतं. छत्तीसपैकी नऊ आले. नऊ! शेजारच्या तायम्मांना मी मानेपासून खाली घेतलं आहे. त्यांनी तो फोटो मागून घेतला, साडी छान आली आहे म्हणाल्या.

पण त्या नवांतला एक असा आहे दादा, की मी तो उशाशी घेऊन झोपले. ह्यांचा आहे. खिडकीशी पेपर वाचताना. मागची खिडकी धूसर केली, चेहऱ्यावर उजेड पडेपर्यंत थांबले आणि मग दाबलं. कामावरून घरी बसलेला माणूस कसा दिसतो ते त्यात आहे. ह्यांनी तो बराच वेळ बघितला आणि परत दिला.

भगवंतरावांना विचारलं, नवशिक्यानं काय घ्यावं? ते म्हणाले, "बाई, पुलावर हुबं राहून नदी बघता येते. पोहायला येत नाही. पन बुडत बी नाही, हे पन हाय. तुम्ही ठरवा, परेशान नका होऊ." म्हणजे तेही तळ्यात-मळ्यात. मला वाटलं होतं एसएलआर विकायचा म्हणून तरी त्याची बाजू घेतील.

लग्नाला पाच आठवडे आहेत. तुला काय वाटतं ते कळव. नाही कळवलंस तरी वाईट वाटून घेणार नाही, असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल.

जयू


२६ नोव्हेंबर १९९५

दादा,

आज मायना नाही, कारण आज जे लिहायचं आहे ते एका दमात लिहिलं नाही तर राहून जाईल.

आज भगवंतरावांनी माझी रोल चढवायची परीक्षा घेतली. डोळे मिटून. रोलचं टोक उजवीकडच्या खाचेत घालायचं, दात्यांवर बसवायचं, झाकण लावायचं. मग म्हणाले, "आता खटका वढा आन् डावीकडची ही गोल चकती बघा. रोल चढला आसंल तर ही फिरते. न्हाई फिरली तर आत काही हालत न्हाई. हवेचे फोटो काढायलात तुम्ही."

मी ती चकती बघत बसले. श्रुतीच्या हळदीला मला हे ठाऊक नव्हतं, हे खरं. पण दुसरं एक ठाऊक होतं, ते मी तुला कधी सांगितलं नाही. कुणालाच नाही.

छत्तीसचा रोल होता. छत्तीस झाले तरी खटका अडेना. सदतीस, अडतीस, चाळीस. तेव्हाच मला कळलं होतं, रोल चढलेला नाही. पिशवीत दोन कोरे रोल होते. तिथेच झाकण उघडून नवा घातला असता तर निम्मी हळद मिळाली असती. आई संध्याकाळपर्यंत मधल्या खोलीत पाटावर बसली होती, गालाला हळद लावून, विहिणीची थट्टा करत. पण तू सगळ्यांना सांगत होतास, 'ही आमची फोटोग्राफर.' आणि मला त्या चाळीस बायकांपुढे 'चुकलं' म्हणवेना. मी रिकाम्या कॅमेऱ्यावर आणखी तासभर फोटो काढले, दादा. आई माझ्याकडे बघून हसत होती आणि मी नुसतंच बटन दाबत होते.

कॅमेरा जुना नव्हता. दाते झिजलेले नव्हते. मी ओशाळले आणि त्यापायी आईचे शेवटचे फोटो गेले. तू पंगतीत बोललास ते मला लागलं ते खोटं होतं म्हणून नाही. माफ कर.

जयवंता


११ डिसेंबर १९९५

ती. दादा,

तू उत्तर दिलं नाहीस. मागचं पत्र पोचलं, हे वहिनीच्या कार्डावरून कळलं. ती लिहिते, तू ते घेऊन गच्चीत गेलास आणि जेवायला खाली आला नाहीस. मी आणखी काही म्हणत नाही.

कॅमेरा ठरला. कसा ठरला ते ऐक, म्हणजे ओवाळणीचा मान राखला नाही असं तुला वाटणार नाही.

आपांकडे लग्नात जलवा असतो. निकाह झाल्यावर नवऱ्याला जनान्यात आणतात, दोघांवर लाल ओढणी धरतात आणि मध्ये आरसा ठेवतात. नवरी डोळे उघडते आणि नवरा तिचा चेहरा पहिल्यांदा त्या आरशात बघतो. आपांनी बजावलं, "बाकी फोटू खराब हुए तो हुए. आईने में बच्ची का मुँह आना. वो नै आया तो कुछ नै आया."

घरी रंगीत तालीम केली. ह्यांच्या डोक्यावर माझा लाल शालू टाकला, हातात आरसा दिला आणि नवरीसारखं खाली बघा म्हटलं. स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर हे काम लिहिलेलं नव्हतं, असं म्हणत बसले बिचारे. दोन्ही कॅमेऱ्यांनी अर्धा अर्धा रोल काढला.

तुझ्या कॅमेऱ्याला वाटतं, आरसा समोर आहे ना, मग आरशावरच फोकस करायचा. चौकटीवरची नक्षी अशी कोरून आली आहे की सुताराला दाखवावी, आणि आत ह्यांचं तोंड म्हणजे कणकेचा गोळा. वर फ्लॅश आरशावर आपटून पांढरा डाग. एसएलआरमध्ये मी कडं फिरवत गेले, चौकट पुसट होत गेली आणि आतला चेहरा हळूहळू उमटला. मिशीसकट! फ्लॅश भगवंतरावांच्या सांगण्याप्रमाणे छताकडे वळवला होता, त्यामुळे डागही नाही. चेहरा आरशाच्या पलीकडे आहे, हे मला कळतं, तुझ्या कॅमेऱ्याला कळत नाही. त्याची चूक नाही, त्याला जलवा माहीत नाही.

तेव्हा एसएलआर घेतला. चार दिवसांपासून दुधानं तोंड पोळल्यासारखी रोज वीस वेळा रोल चढवते आणि उतरवते. हे म्हणतात, अजूनही तो ब्रिजच ने, निदान कोरा तरी राहणार नाही. त्यांचं चूक नाही. मी त्यांना सांगितलं आहे, तुलाही सांगते: या वेळी कोरा निघाला तर कॅमेरा बंद. शिवणाचं मशीन बरं आणि मी बरी.

देवापाशी माझ्यासाठी काही बोललास तर हरकत नाही.

जयू


१८ डिसेंबर १९९५

दादा! दादा! दादा!

लॅबमधून आत्ताच आले. घाईत लिहिते आहे, अक्षर लावून घे.

काल मलकपेटच्या शादीखान्यात संध्याकाळी सहाला पोचले. जनान्यात दीडशे बायका, अत्तर, मोगरा, आणि एकीचंही तोंड झाकलेलं नाही. पुरुष नाही म्हटल्यावर काय त्यांची थट्टामस्करी आणि काय त्यांचं हसणं! दोन रोल मी धडाधड काढले. चकती फिरत होती. मला वाटलं जिंकलं.

मग गलका झाला, नवरा आला. मी घाईघाईनं तिसरा रोल चढवला. ओढणी धरली, आरसा ठेवला, कुणीतरी नवरीची हनुवटी उचलली. मी खटका ओढला आणि चकतीकडे बघितलं. चकती हलली नाही.

पुन्हा ओढला. नाही हलली.

खरं सांगते, त्या क्षणी मनात आलं की एक फोटो काढून टाकावा, लागला असेल कदाचित. सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. नवरीची आत्या म्हणत होती, "लो ना जल्दी." माझे कान तापले, अगदी हळदीच्या दिवशी तापले होते तसे.

आणि मी ओरडले, दादा. दीडशे बायकांत, माझ्या मोडक्या दखनीत. "ठैरो! कोई नक्को हिलना. मेरे से गलती हुई, रोल नै चढा."

नवऱ्यामुलानं डोळे मिटून घेतले, बिचारा घाबरला. आत्या काहीतरी पुटपुटली. तेवढ्यात आपा कोचावरून कडाडल्या, "ठैरो बोली ना बाई! सच बोल री वो. दूल्हा कहाँ भाग रा? दरवाजे की चाबी तो हमारे पास है." जे काही हसू फुटलं! नवरीसुद्धा ओढणीत खुदुखुदु हसायला लागली.

मी जमिनीवर मांडी घातली, झाकण उघडलं, टोक खाचेत घातलं, दात्यांवर बसवलं, लावलं, ओढलं. चकती फिरली. उभी राहिले, कडं फिरवलं, चौकट पुसट झाली आणि आरशात ती मुलगी आली. हसू दाबायचा प्रयत्न करणारी. नवऱ्यानं डोळे उघडले ते तिच्या हसण्यावरच. तेव्हा मी दाबलं.

आज लॅबमध्ये मशीनपाशी मी स्वतः बसून होते. बायकांचे फोटो दुसऱ्या कुणी बघायचे नाहीत, निगेटिव्ह घरच्यांच्याच हातात द्यायचे, ही आपांची अट. मशीन चालवणारी मुलगीच आहे. तिनं तो फोटो उचलला आणि म्हणाली, "अक्का, हा तुम्ही काढलात?"

मी काढला! तीन रोल, एकशे आठ, त्यातले एक्याण्णव चांगले. आणि हा.

रडले थोडी. आईला दाखवायला हवा होता. पण त्या रडण्यातही मला आनंदच फार होत होता, लपवत नाही.

तुझी,
जयू


१४ जानेवारी १९९६, संक्रांत

ती. दादा,

तिळगूळ सोबत आहे, आणि गोडच बोलते आहे.

तुझं पत्र आलं. सव्वादोन वर्षांनी तुझं पानभर अक्षर बघितलं, अजून तसंच, मुंग्यांची रांग. 'पंगतीत बोललो ते बोलायला नको होतं' हे तू लिहिलंस. मी एकदा वाचलं आणि घडी घालून ठेवलं, पुन्हा त्यावर बोलायचं कारण नाही. त्याखाली मात्र तू विचारतोस, 'मलाही फोटो काढायला शिकायचं आहे, नवशिक्यानं कुठला घ्यावा, ब्रिज का एसएलआर?' हे मी ह्यांना तीनदा वाचून दाखवलं. जोड्यानं मारणार होतास ना रे?

आधी इकडची हालहवाल. आपांनी तो फोटो मोठा करून दिवाणखान्यात नाही, आतल्या खोलीत लावला आहे, जिथे बायका बसतात. जी येते ती विचारते, ही फोटूवाली कोण. रमजानच्या आधी दोन लग्नं आणि ईदनंतर पाच ठरली आहेत. नामपल्लीच्या नुमाइश प्रदर्शनात काल एक अनोळखी बाई बुरख्यातून हाक मारून म्हणाली, "तुमीच क्या वो, ठैरो बोलने वाली?" एवढी प्रसिद्धी मला शिवणानं वीस वर्षांत दिली नाही.

आणि तुझा ब्रिज कॅमेरा कपाटात पडून नाही. लग्नात मर्दान्यातही फोटो लागतातच. तिकडे हे जातात, तोच कॅमेरा घेऊन. नवा सदरा, गळ्यात पट्टा. परवाच्या लग्नात त्यांनी निकाहाचे, सासऱ्याच्या मिठीचे, बिर्याणीवर तुटून पडलेल्या पाहुण्यांचे असे काही झकास काढले की मीच चाट पडले. फोकसची काळजी नाही, म्हणून माणसांशी गप्पा मारत काढतात, आणि माणसं हसतात. मुकुंदराव फोटोग्राफर म्हणून त्यांना हाक आली तेव्हा ते आधी मागे वळून बघायला लागले. माणूस पुन्हा सकाळी दाढी करायला लागला आहे, दादा. ओवाळणी मला दिलीस, पण फळली ती त्यांना.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर. सहलीला जाशील, नातवंडं खेळवशील, त्यात फोटो हवेत, तर ब्रिज घे. त्यात कमीपणा नाही, झकास फोटो काढतोस बघ पहिल्या दिवसापासून. एसएलआर घ्यायचा तर पहिले दोन महिने तायम्मांना मानेपासून खाली घ्यायची आणि चूक झाली की ती कबूल करायची तयारी ठेव. पंगतीत.

आता कामाचं. वहिनी लिहिते, तुमच्या धाकट्या तन्वीचं लग्न मे महिन्यात ठरलं आणि तू पुण्यातला कुणी फोटोग्राफर बघतो आहेस. त्याला नाही म्हणून कळव. हळदीपासून पाठवणीपर्यंत मी काढणार, पुरुषांकडे हे असतील. मी विचारत नाही, कळवते आहे. सहा रोल आणि जास्तीचे चार घेऊन आठवडाभर आधी येऊ.

आईचे फोटो गेले ते गेले, दादा. ते मी आणू शकत नाही. पण श्रुतीच्या लग्नाच्या अल्बममध्ये तूही कुठे नाहीस, बघितलंस का कधी? सगळीकडे धावत असतोस, कधी आचाऱ्याकडे, कधी मांडवाकडे. या वेळी तुला आणि वहिनीला मी पहिल्या दिवशीच मधल्या खोलीत पाटावर बसवणार आहे, गालाला हळद लावून, आणि मनासारखा फोटो मिळेपर्यंत उठू देणार नाही.

तुमची फोटोग्राफर,
जयवंता